तीन ठिकाणी तीन आकडे: मग माझं बीपी खरं कोणतं?

पत्र: डॉक्टर, माझं वय ४७, राजेंद्र नगरात राहते, शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात शाळेतल्या तपासणी शिबिरात माझं बीपी १३८/८८ निघालं. घाबरून संध्याकाळी औषधाच्या दुकानात मोजलं, तर १४६/९२. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांच्या मशीनवर १२८/८२. मला काहीच त्रास नाही, डोकंसुद्धा दुखत नाही. गुडघे दुखले की गोळी घेते आणि शिकवून शिकवून घसा बसतो म्हणून ज्येष्ठमध तोंडात असतं, बाकी औषध कसलं नाही. पण माझ्या आईला ६१व्या वर्षी लकवा झाला आणि तिला बीपी आहे हे आम्हाला दवाखान्यात गेल्यावरच कळलं. ती आता आमच्याकडे असते, उजवा हात अजून चालत नाही. घरात आम्ही पाच जण. हे म्हणतात, टेन्शन घेऊ नकोस. जाऊबाई म्हणतात, सर्पगंधेचं चूर्ण घे, गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही. मला बीपी आहे की नाही? आणि पोहे-सेव सोडावी लागेल का? – एक वाचक, इंदूर

उत्तर: ताई, तुमचे तिन्ही आकडे खरे असू शकतात. बीपी दिवसभर वर-खाली होत असतं. जिना चढलात, वर्गावर ओरडलात, मशीनचा पट्टा बांधताना आईचा हात डोळ्यांपुढे आला, की ते चढतं. निवांत बसलात की उतरतं. त्यामुळे एका वेळच्या आकड्यावरून ‘आहे’ म्हणणं जितकं चूक, तितकंच १२८ बघून ‘काही नाही’ म्हणून सोडून देणंही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर घरी सात दिवस नीट मोजल्यावर मिळेल. त्याआधी गोळी नको, चूर्ण नको आणि रात्र रात्र जागणंही नको.

आधी आकड्यांचा अर्थ सांगते. १२०/८०च्या खाली असेल तर उत्तम. आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं की बीपी आहे म्हणतात. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ साली ही रेघ खाली आणली आणि १३०/८०पासूनच ‘पहिला टप्पा’ म्हणायला सुरुवात केली. म्हणून शिबिरातल्या १३८/८८ला एक डॉक्टर ‘काठावर आहात’ म्हणतील आणि दुसरे ‘सुरुवात झाली’ म्हणतील. दोघं सांगणार मात्र एकच गोष्ट: आत्ताच लक्ष द्या. घरी मोजलेलं बीपी दवाखान्यातल्यापेक्षा थोडं कमी येतं, म्हणून घरची सरासरी १३५/८५ आली तर ती दवाखान्यातल्या १४०/९०इतकीच धरतात.

काही त्रास नाही म्हणता, त्यावर विसंबू नका. या टप्प्यावर बहुतेकांना काहीच होत नाही. तुमच्या आईंनाही होत नव्हतं, म्हणून तर ते दवाखान्यात जाऊन कळलं. चढलेल्या दाबानं रक्तवाहिन्या हळूहळू कडक होतात आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा यांवर वर्षानुवर्षं ताण येत राहतो. लाखो माणसांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा दिसलं की ४० ते ६९ या वयात वरचा आकडा ११५च्या पुढे दर २०नं वाढला की पक्षाघातानं किंवा हृदयविकारानं मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. हे भीती घालायला सांगत नाही. तुमच्या आईंना जी संधी मिळाली नाही ती तुम्हाला मिळाली आहे. तुमच्या हातात अजून महिने आहेत, कदाचित वर्षं आहेत, आणि ती वापरता येतात.

आता मोजण्याचं. यावर मी जरा वेळ घेणार आहे, कारण निम्मा घोळ इथेच होतो.

शिबिरात तुम्ही रांगेत उभ्या होतात, मागच्या बाईंशी बोलत होतात, नंबर आला तशा स्टुलावर बसलात, पाय लोंबकळत, पाठीला टेकू नाही. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून तिच्यावरच पट्टा बांधला गेला असेल. बोलण्यानं वरचा आकडा दहाच्या आसपास चढू शकतो. पायावर पाय टाकून बसलं, हात अधांतरी ठेवला, लघवी तुंबलेली असली, की प्रत्येकानं आणखी थोडी भर पडते. औषधाच्या दुकानात तर तुम्ही घाबरूनच पोचलात.

घरी असं करा. दंडाला बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. घेण्याआधी दंडाचा घेर शिवणाच्या टेपनं मोजा. पट्ट्यावर किती ते किती सेंटिमीटरच्या दंडासाठी आहे हे छापलेलं असतं. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर बीपी उगाच जास्त दिसतं, हे अनेक दुकानदार सांगत नाहीत. सकाळी उठून लघवीला जाऊन या. चहा, नाश्ता, फिरणं हे सगळं मोजून झाल्यावर. सैल बाहीचा गाऊन असेल तर छानच. पाठ टेकून खुर्चीत बसा, पाय जमिनीवर सपाट, हात टेबलावर असा की पट्टा छातीच्या पातळीला येईल. पाच मिनिटं गप्प बसा. मोबाईल नको, मुलांना डब्याच्या सूचना नकोत. मग मोजा, एक मिनिट थांबा, परत मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा, आवडलेला तेवढाच नाही. रात्री जेवणाआधी पुन्हा तसंच दोनदा.

असे सात दिवस. पहिल्या दिवशी माणूस बिचकलेला असतो, म्हणून त्या दिवसाचे चार आकडे सोडून द्या आणि उरलेल्या चोवीसांची सरासरी काढा, वरच्यांची वेगळी, खालच्यांची वेगळी. ते तुमचं बीपी. मधल्या वेळी छातीत धडधडलं म्हणून पट्टा बांधायचा नाही. धडधडत असताना मोजलेलं चढलेलंच येणार, ते बघून आणखी धडधडणार, आणि असं दिवसभर चालू राहील. अगदी पहिल्यांदा मात्र दोन्ही हातांचं मोजून बघा. ज्या हाताचं जास्त येईल तोच हात पुढे कायम ठेवा, आणि दोहोंत दहा-पंधराच्या वर फरक असेल तर डॉक्टरांना सांगा.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहिलंत आणि ज्यावर मी थांबले: ‘ज्येष्ठमध तोंडात असतं.’

ज्येष्ठमध घशाला बरं वाटतं, खोटं नाही. पण त्यात ग्लायसिरायझिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्यामुळे शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. रोज चघळणाऱ्याचं बीपी केवळ तेवढ्यानं चढू शकतं. एखाद्या दिवशी काढ्यात टाकलं तर काही बिघडत नाही, पण तुम्ही शिक्षिका आहात, शाळेचे सगळे दिवस ते तोंडात असणार. आजपासून बंद करा. त्याचा परिणाम ओसरायला काही आठवडे लागतात, म्हणून या आठवड्याचे आकडे तर घ्याच, पण महिन्यानं पुन्हा सात दिवस मोजा. घशासाठी कोमट पाण्याच्या गुळण्या करा, शाळेत पाण्याची बाटली जवळ ठेवा, खडीसाखर चालेल. आवाज सतत बसत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

दुसरी गोष्ट गुडघ्याच्या गोळीची. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडालाही जड जातात. दुकानातून परस्पर आणलेल्या पाकिटावर यांपैकी नाव आहे का बघा. आठवड्यात किती लागतात ते वहीत लिहा. लावायचं जेल, शेक आणि मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम यांवर भागतं का, हे डॉक्टरांना विचारा. सर्दी झाल्यावर नाक मोकळं करणाऱ्या ज्या गोळ्या आपण सर्रास घेतो, त्यांतल्या काहींनीही बीपी चढतं. ‘औषध कसलं नाही’ म्हणताना या गोष्टी आपण मोजतच नाही.

आता पोहे-सेव. इंदुरात राहून पोहे सोडा म्हणणारा डॉक्टर कुणी ऐकणार नाही आणि तशी गरजही नाही. वाफेवरचे, बडीशेप घातलेले पोहे हा काही वाईट नाश्ता नव्हे. मीठ असतं ते वर पडतं त्यात: मूठभर सेव, त्यावर जीरावन मसाला, शेजारी कचोरी. जीरावनात काळं मीठ असतं, सेवेत पिठात मीठ असतंच. शिवाय आपल्या गावात सेव फक्त पोह्यांवर थांबत नाही. वरणात सेव, भाजी नसली तर सेवेची भाजी, चहाबरोबर नमकीन, पाहुणे आले की आणखी. पाकिटाच्या मागच्या बाजूला सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. समजा शंभर ग्रॅमला ८०० लिहिलंय, तर ते दोन ग्रॅम मीठ झालं. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगितलंय, सगळं धरून. म्हणजे सपाट चमचाभरसुद्धा नाही.

तुमच्या घरचा हिशेब सोपा आहे. पाच माणसं, प्रत्येकी पाच ग्रॅम, म्हणजे दिवसाला पंचवीस. एक किलोची मिठाची पिशवी निदान चाळीस दिवस पुरायला हवी. नवी पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर पेनानं तारीख टाका आणि कधी संपते ते बघा. तीन आठवड्यांत संपली, तर सेव-पापड-लोणचं न धरताच तुम्ही माणशी नऊ-साडेनऊ ग्रॅमवर आहात.

कमी कुठून करायचं? कणकेतलं मीठ काढा, आठवडाभरात कुणाच्या लक्षातही राहणार नाही. भाताच्या पाण्यातलं काढा. ताक बिनमिठाचं, जिरेपूड घालून. कोशिंबिरीत मीठ अगदी पानात वाढताना, चिमूटभर. पापड, लोणचं, सांडगी मिरची यांतलं एका जेवणाला एकच काहीतरी, आणि रोज नाही. पोह्यांवर लिंबू पिळा, कच्चा कांदा घ्या, सेव रविवारी चमचाभर. जीभ तीन-चार आठवड्यांत सरावते, मग बाहेरचं खाणं खारट लागायला लागतं. सगळ्या घरासाठी एकच स्वयंपाक करा. आईंना याची तुमच्याइतकीच गरज आहे, आणि तुमच्यासाठी वेगळी अळणी भाजी शिजायला लागली की महिन्याभरात ती बंद पडते. आईंचंही बीपी याच मशीनवर मोजा, त्यांच्या चांगल्या, डाव्या हाताचं.

सैंधव आणि काळं मीठ चालतं, असं पुष्कळ घरांत समजतात. दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराईडच आहेत, मोजताना मीठच धरायचे. पोटॅशियम असलेलं कमी सोडियमचं मीठ बाजारात मिळतं, ते उपयोगी आहे. पण मूत्रपिंड कमजोर असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर रक्तात पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, करून घ्या, आईंचीही, मगच तो डबा घरात आणा.

मिठाइतकंच ताटातल्या बाकीच्या गोष्टींकडे बघा. अमेरिकेत १९९७ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, ‘डॅश’ आहार म्हणून ती ओळखली जाते. मीठ कमी न करता फक्त फळं, भाज्या आणि कमी चरबीचं दूध-दही वाढवलं, तर बीपी असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी अकरानं उतरला. आपल्या घरात याचा अर्थ रोज दोन भाज्या आणि एक कोशिंबीर, सालाच्या डाळी, उसळ, साय काढलेल्या दह्याचं ताक, दोन फळं. वेगळं काही आणायला नको.

चालणं: आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं. पिपल्यापाल्याचा रीजनल पार्क तुम्हाला जवळ आहे. गुडघे बोलले तर वीस-वीस मिनिटांचे दोन तुकडे करा किंवा घरी सायकल. वजन जास्त असेल तर कमी होणाऱ्या प्रत्येक किलोमागे वरचा आकडा साधारण एकानं उतरतो. तंबाखू, मिश्री असेल तर सोडा. यजमानांना विचारा, तुम्ही रात्री घोरता का, मधेच श्वास अडकल्यासारखा होतो का. होत असेल तर डॉक्टरांना सांगा, झोपेतला तो विकार बीपीचं एक मोठं कारण आहे. पाळी जाण्याच्या सुमाराला बायकांचं बीपी चढू लागतं, तुम्ही त्या वयात आहात, हेही लक्षात असू द्या. टेन्शनबद्दल तुमच्या यजमानांचा सल्ला प्रेमाचाच आहे. पण त्यांनी सकाळचा डबा भरायला घेतला, तर ती पाच मिनिटं गप्प बसणं तुम्हाला जमेल.

जाऊबाईंच्या सर्पगंधेचं. हे थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये याच वनस्पतीवरचा अभ्यास छापला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. तिच्यातूनच पुढे रिसर्पिन हे औषध निघालं. म्हणूनच ती चूर्णाच्या पुडीतून अंदाजानं घ्यायची वस्तू नाही. त्या औषधानं माणसाला उदासी येते, सुस्ती येते, नाक चोंदतं, नाडी मंदावते, आणि पुडीत किती अंश आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. आज त्याहून खूप सुरक्षित औषधं असताना हे करू नका. लसूण स्वयंपाकात भरपूर घाला, पण उपचार म्हणून तिच्यावर राहू नका.

आणि गोळी ‘सुटत नाही’ याचं. बीपीच्या गोळ्यांची सवय लागत नाही. गोळी असेपर्यंत दाब ताब्यात राहतो, थांबवली की बहुतेकांचा पुन्हा चढतो, कारण मूळ प्रवृत्ती जागेवरच असते. ज्यांचं वजन चांगलं उतरतं, मीठ कमी होतं, त्यांचा डोस कमी होतो, काहींची गोळी डॉक्टर बंदही करतात. स्वतःहून बंद करणं हे मात्र घातक. तुमच्या घरची सरासरी १३०/८०च्या खाली आली, तर महिन्यानं पुन्हा मोजा, मग सहा महिन्यांनी. १३० ते १३४च्या किंवा खालची ८० ते ८४च्या दरम्यान आली, तर वर सांगितलेलं तीन ते सहा महिने मनापासून करा आणि पुन्हा मोजा. १३५/८५ किंवा त्याच्या वर आली, तर डॉक्टरांकडे जाच. साखर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा हृदयविकार असेल तर ते थांबणार नाहीत, लगेच गोळी सुरू करतील, आणि तेव्हा ती घ्या. आईच्या लकव्याचा इतिहास असलेल्या घरात मी स्वतः रेंगाळणार नाही.

एक इशारा लांबवत नाही. आकडा १८०/१२० किंवा वर आला आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, जीभ जड होणं, अचानक कमी दिसणं यांतलं काहीही असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, १०८ला फोन करा. हे आईंसाठीही. लक्षण काही नसेल तर पाच मिनिटं बसून परत मोजा, आणि तरी तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

डॉक्टरांकडे जाताना वही, मशीन, ज्येष्ठमधाची डबी आणि गुडघ्याच्या गोळीचं पाकीट सगळं बरोबर न्या. सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, लघवीतलं प्रथिन आणि ईसीजी एवढं पहिल्यांदा पुरतं. खर्चाची अडचण असेल तर घराजवळच्या संजीवनी क्लिनिकमध्ये जा. सरकारचा बीपी नियंत्रणाचा कार्यक्रम २०१७ साली ज्या पाच राज्यांत पहिल्यांदा सुरू झाला, त्यांत मध्य प्रदेश होता, आणि सरकारी केंद्रात बीपीची तपासणी आणि नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात. तुमचं मशीन डॉक्टरांच्या मशीनशी तिथेच ताडून घ्या. महिन्यानंतरची सरासरी मला जरूर कळवा, ज्येष्ठमध बंद केल्यावर किती फरक पडला ते मला बघायचं आहे.